कशानं भाग जातो

शिरूरच्या त्या गल्लीत नागसेनच्या आतल्या खोलीत एक कॉम्प्युटर अखंड चालू असायचा, आणि तो कशासाठी चालू असतो हे कुणालाही पटेल अशा भाषेत सांगणं खुद्द नागसेनला आजवर जमलेलं नव्हतं. शेजारी मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा दत्ता छातीठोकपणे सांगायचा, की मास्तर बिटकॉइन काढतो. घरमालकीण तुळजाबाईंना त्या यंत्रातून येणाऱ्या गरम वाऱ्याची काळजी, भिंतीचा रंग उडेल म्हणून. खरं काय ते सांगितलं तर लोक जास्तच चिंतेनं बघायचे. नागसेन ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायचा आणि घरी येऊन मूळ संख्या शोधायचा.

मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः, यांशिवाय कशानंही भाग जात नाही अशी संख्या. सात, अकरा, तेरा. एवढं आपण सगळेच शाळेत शिकतो आणि शाळेतच ठेवून येतो. पण नागसेनला हवी होती ती कोट्यवधी अंकांची. दोनाला दोनानं गुणत राहायचं, गुणत राहायचं, आणि शेवटी त्यातून एक वजा करायचा. अशा संख्यांत कधीमधी एखादी मूळ निघते. आजवर माणसाला ठाऊक असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या अशीच सापडली आहे, चार कोटींहून जास्त अंकांची. जगभरातले हौशी लोक आपापल्या घरच्या यंत्रांवर असल्या संख्या तपासत बसतात. ज्याला जी वाटून येईल ती त्यानं तपासायची. लाखोंमध्ये एखादी लागते. बाकीच्यांच्या हाती लाईटबिल.

हे सगळं तेजश्रीला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं. ती पाटसची. वडील बापूसाहेब तिथल्या साखर कारखान्यातून रिटायर झालेले. पोरीनं मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला, रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला होती. तयार होऊन आलेला एकेक पार्ट गेजात घालून बघायचा, बसला तर पुढे, नाही बसला तर लाल ट्रेमध्ये. तिनं नव्या नवऱ्याच्या खोलीतलं ते घरघरणारं यंत्र पाहिलं आणि पहिला प्रश्न रोकडा विचारला.

"सापडली तर काय मिळतं?"

"नाव होतं. थोडंफार बक्षीस असतं. पण सापडत नाही बहुतेक."

"मग कशाला शोधताय?"

नागसेननं बराच विचार केला. "कुणीतरी बघायला पाहिजे ना," तो म्हणाला.

ती इतकी हसली, की स्वयंपाकघरातून त्याची आई रंभाबाई पीठभरल्या हातानं काय झालं ते बघायला आली.

मग त्यानं तिला कागदावर मांडून दाखवलं. तीन, सात, एकतीस, एकशे सत्तावीस. बघ, दोन मूळ संख्येइतक्या वेळाच घ्यायचे असं निवडून घेत गेलं, की कशी एकामागून एक मूळ येतात. वाटतं, आता ही रांग अशीच जाणार. आणि त्याच्या पुढची, दोन हजार सत्तेचाळीस, ती नेमकी तुटते. तेवीस गुणिले एकोणनव्वद.

"अगं बाई," तेजश्री म्हणाली, "चांगलं चाललं व्हतं की."

त्या दिवसापासून कंपनीच्या बसमधून उतरून घरात पाय टाकला, की चपला काढता काढता ती विचारायची, "आज किती टक्के?" आणि नागसेन आतून ओरडून सांगायचा. एक संख्या तपासून व्हायला त्या जुन्या यंत्राला महिनोन्‌महिने लागायचे. एक संपली की दुसरी. चार वर्षांत त्यांच्या घरातून बऱ्याच संख्या नापास होऊन गेल्या, आणि दर वेळी तेजश्री रंभाबाईंना गंभीर चेहऱ्यानं बातमी द्यायची, "आत्या, ही बी गेली."

आता ती परीक्षा कशी असते तेवढं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कोट्यवधी अंकांच्या संख्येला एकेका आकड्यानं भागून बघत बसलं, तर सूर्य विझेल पण उत्तर येणार नाही. सुरुवातीला लहान लहान भाजक लावून बघतात. त्यात पुष्कळ संख्या गळतात. ज्या टिकतात त्या टिकल्या म्हणून मूळ ठरत नाहीत. या एवढ्या आकड्यांनी भाग जात नाही, इतकंच कळतं. खरी परीक्षा पुढची. चारापासून सुरुवात करायची. त्याचा वर्ग करायचा, दोन वजा करायचे, आपल्या संख्येनं भागायचं आणि उरेल ती बाकी ठेवायची. त्या बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा दोन वजा, पुन्हा भागाकार. असं कोट्यवधी वेळा. शेवटाला बाकी शून्य आली तर संख्या मूळ. दुसरं काहीही आलं तर तुटणारी.

आणि यातलं नागसेनला सगळ्यात जास्त आवडणारं, वर्गात पोरांना दरवर्षी सांगायचाच तो, ते हे. परीक्षेत नापास झालेली संख्या तुटते हे ठाम कळतं, त्यावर वाद नाही. पण ती कशानं तुटते ते ही परीक्षा सांगत नाही. काही संख्या तुटतात हे कळून जमाना झाला, त्यांचा एकसुद्धा भाजक कुणाला सापडलेला नाही. त्यातली एक तर चारशे अंकांच्या आतली आहे, कागदाच्या अर्ध्या पानावर मावेल. भलीभली यंत्रं लावून झाली. तुटते, एवढंच ठाऊक. हे सांगताना मास्तरांचा आवाज भरून यायचा आणि मागच्या बाकांवर रील बघणं चालू असायचं.

एका रविवारी दुपारी तेजश्री मेथी निवडत बसली होती. नागसेन समोर पेपर तपासत होता. रंभाबाई आत आडव्या झाल्या होत्या. भांडण नव्हतं, कुरबूर नव्हती, सकाळी दोघांनी मिळून बाजार केला होता. तिनं निवडलेली मेथी टोपलीत टाकली, देठं कागदात गुंडाळली आणि म्हणाली, "मला हितं ऱ्हायचं न्हाई."

नागसेनला वाटलं घराबद्दल बोलते आहे. "बघू की दुसरी खोली," तो म्हणाला. "तुळजाबाई भाडं वाढवणारच आहेत."

"घराचं न्हाई म्हणत मी."

मग तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या हातातला लाल पेन तसाच राहिला. त्यानं विचारलं, काय झालं. ती म्हणाली, काय झालं असतं तर सांगता आलं असतं. त्यानं विचारलं, माझं काही चुकलं का. ती म्हणाली, न्हाई. आईचं? न्हाई, आत्यांचं तर बिलकूल न्हाई. कंपनीत काही? न्हाई. दुसरं कुणी? तिनं मान हलवली, आणि तिच्या डोळ्यांत इतकं पाणी आलं की त्याला विचारल्याची लाज वाटली.

"कसं सांगू तुमाला," ती म्हणाली. "आमच्याकडं एखादा पार्ट येतो. सगळ्या गेजात बसतो. साईज बरोबर, फिनिश बरोबर. आन् गाडीत बसवला की आवाज करतो. परत काढून मोजला तरी बरोबरच असतो."

"मग काय करता त्याचं?"

"ठेवून देतो बाजूला."

दोन दिवसांनी ती पाटसला गेली. रंभाबाईंच्या पाया पडून गेली. रंभाबाईंना वाटलं, चार दिवस माहेरपणाला चालली. त्यांनी तिच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

ती परत येत नाही म्हटल्यावर नागसेननं जे केलं ते बघून कुणालाही त्याची दया आली असती, आणि थोडा रागही. हा गणिताचा माणूस. त्यानं ठरवलं, कारण असतंच. सापडलं की काढून टाकता येईल. यंत्राची घरघर खुपत असेल, म्हणून त्यानं त्याला नवा पंखा बसवला आणि तिला फोनवरून तो ऐकवला. मग वाटलं, आपण बोलत नाही फार, म्हणून रोज संध्याकाळी फोन करून बोलायला लागला, आणि काय बोलायचं ते सुचेना म्हणून वर्गातल्या गमती सांगायला लागला. मग वाटलं, आपण तिला कुठं फिरवलं नाही. त्यानं महाबळेश्वरचं हॉटेल बघून ठेवलं. स्वयंपाक शिकला. कांदा बारीक चिरायला शिकला. प्रत्येक फोनच्या शेवटी एकच विचारायचा.

"कारण तरी सांग, तेजू. एवढं सांग, मग मी काही विचारणार नाही."

आणि ती दर वेळी तेच म्हणायची. "मला ऱ्हायचं न्हाई."

गल्लीनं आपापली कारणं काढलीच. दत्ताच्या मते बिटकॉइन बुडालं. तुळजाबाईंच्या मते मूल नाही म्हणून. रंभाबाई कुणालाच उत्तर देत नसत. त्या रोज तिन्हीसांजेला बाहेरच्या पायरीवर बसायच्या, कंपनीची बस चौकात थांबून निघून जायची, मग उठून आत यायच्या.

अशात एक दिवस नागसेन मधल्या सुट्टीत डबा खायला घरी आला आणि त्यानं पाहिलं, संख्या तपासून झाली होती. तीच संख्या, जिचे टक्के तिनं शेवटचे विचारले होते. पडद्यावर बाकी आली होती, यंत्राच्या पद्धतीनं लिहिलेली, आकड्यांची आणि अक्षरांची एक मख्ख ओळ. शून्य नव्हतं. त्यानं काही विचार न करता फोन लावला. चार वर्षांची सवय, दुसरं काय.

"झाली," तो म्हणाला.

"मूळ हाय?" तिचा आवाज एकदम पहिल्यासारखा झाला.

"नाही. तुटते."

"कशानं भाग जातो?"

"ते नाही कळत. तुला माहितीये ना. तुटते एवढंच कळतं."

पाटसच्या त्या घरामागून कारखान्याला जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांवरची गाणी फोनमधून ऐकू येत होती.

"बघा," ती हळू म्हणाली. "संख्येचं चालतं तुमाला."

नागसेनला राग आला. चार वर्षांत पहिल्यांदा तो तिच्यावर ओरडला. माणूस म्हणजे संख्या नव्हे, संसार म्हणजे गणित नव्हे, असं जे लोक त्याला आयुष्यभर ऐकवत आले होते तेच त्यानं तिला ऐकवलं. आणि फोन ठेवल्यावर डबा न उघडताच तासाला गेला.

शेवटी बैठक बसवायचं ठरलं. नवराबायकोत बिनसलं तर कोर्टकचेरीच्या आधी दोन्हीकडच्या माणसांनी समोरासमोर बसायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. दौंडमध्ये अशा बैठकांसाठी मच्छिंद्र मामांचं नाव होतं. रेल्वेत गार्ड म्हणून नोकरी केलेला, उंच, पांढऱ्या शर्टाचा माणूस. कुणाचे सख्खे मामा होते कोण जाणे, सगळा तालुका त्यांना मामा म्हणायचा. त्यांनी किती मोडते संसार रुळावर आणले त्याचा हिशोब ते स्वतः सांगायचे. त्यांची पद्धत पक्की होती. ठरलेले प्रश्न, ठरलेल्या क्रमानं, एकेक बोट मिटत. ज्या बोटावर दोष सापडेल तिथं थांबायचं आणि त्याचा बंदोबस्त करायचा. कुणाला दारू सोडायची शपथ घालायची, कुणाच्या आईला वेगळी चूल मांडून द्यायची.

रंभाबाई सकाळी लवकर उठून पुरण शिजवून ठेवूनच निघाल्या. सून घरी येणार म्हणून. बसमध्ये नागसेन आईला म्हणाला, "कशाला एवढी घाई केलीस?" पण मनातून तोही तेच धरून बसला होता. मामांच्या प्रश्नांची त्याला भीती नव्हती. उलट त्याला वाटत होतं, आपल्याला नाही सापडलं ते मामांना सापडेल, आणि सापडलं की सुटेल. न्हावऱ्यापासून चौफुल्यापर्यंत तो खिडकीबाहेर बघत परतीचाच विचार करत होता, ती खिडकीशी बसेल, आई मध्ये, आपण कडेला.

दौंडच्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरली होती. सगळ्यांनी उभं राहून त्रिशरण-पंचशील म्हटलं, जयभीम घातला, चहा झाला. एका बाजूला बापूसाहेब, तेजश्रीची आई भागुबाई, दोन चुलते. समोर नागसेन आणि रंभाबाई. तेजश्री भिंतीपाशी, आकाशी पंजाबी ड्रेसमध्ये. ती वाळली होती. तिनं रंभाबाईंकडे पाहून हात जोडले आणि रंभाबाईंनी लगेच पदर डोळ्याला लावला.

मामांनी उजवा हात पुढं धरला.

"दारू?"

"न्हाई," बापूसाहेबच म्हणाले. "सुपारीचं खांड बी खात न्हाईत पावनं."

एक बोट मिटलं.

"हात उचलतो?" मामांनी पुन्हा बापूसाहेबांकडेच पाहिलं.

"न्हाई."

"भाईर काय भानगड? मोकळं बोला, हितं कुणी परकं न्हाई."

"छ्या. यांची भानगड कॉम्प्युटरसंगं," एक चुलता म्हणाला आणि थोडं हसू झालं.

"म्हायेरून पैसं आन, गाडी आन, असलं?"

"लग्नात आहेर बी दिऊ दिला न्हाई त्यांनी."

"सासू?"

रंभाबाई काही बोलायच्या आत तेजश्रीच म्हणाली, "आत्या लई चांगल्या हायत, मामा."

पाचही बोटं मिटून मामांची मूठ झाली. त्यांनी भागुबाईंना खूण केली. त्या तेजश्रीला शेजारच्या खोलीत घेऊन गेल्या. काय विचारायचं असतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. पुरुष सतरंजीकडे बघत बसले. नागसेनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. भागुबाई तिला घेऊन परत आल्या, तिला पुन्हा भिंतीपाशी बसवलं आणि त्यांनी मान हलवली. "तसं बी काय न्हाई."

आणि खरं सांगायचं तर नागसेन खूश होता. प्रत्येक "न्हाई" बरोबर त्याच्या छातीवरचं ओझं थोडं उतरत होतं. पोरगा निबंधात नाही पण गणितात पास झाला म्हणून हरखतो, तसा तो हरखला होता. मग त्याचं तेजश्रीकडे लक्ष गेलं. मामांचं एकेक बोट मिटत गेलं तशी ती भिंतीला जास्त जास्त टेकत गेली होती. आता तिला मागं सरकायला जागा उरली नव्हती.

"म्हंजी दोष काय निघत न्हाई," मामा म्हणाले. "संसार धड हाय. पोरीचं मन जरा फिरलंय, फिरतं कवा कवा. बापूसाहेब, आजच्या आज नांदाया लावून द्या. आमी सगळी ष्टँडपतुर येतो."

"मला नांदायचं न्हाई, मामा," तेजश्री म्हणाली.

"का?"

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"हे बघ पोरी, कारण सांग. आत्ता तुज्या बाजूनं हुबा ऱ्हातो, मास्तर का असंना. पर कारणाबिगर कुणाचा संसार मोडायचा म्हंजी काय? लोक काय म्हनतील, मच्छिंद्रनं काय न्याय केला?"

"सांग की," बापूसाहेब ओरडले. "सांग काय त्ये! माणसं काय रिकामी हायत का?"

तेजश्रीनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग मामांच्या त्या मिटलेल्या मुठीकडे पाहिलं.

"मारतात," ती म्हणाली.

हॉलमध्ये एकदम कालवा झाला. भागुबाई "तेजे, तेजे" करत पोरीच्या अंगावर धावल्या. बापूसाहेब तर उठून उभे राहिले. "खोटं! खोटं बोलतीस! फोनवर माझ्याजवळ तूच म्हणालीस, कवा वाईट शबुद बोलले न्हाईत म्हनून!" तेजश्री खाली मान घालून बसली होती. तिला खोटं बोलता येत नव्हतं. चार वर्षांत नागसेननं तिला साधी थापसुद्धा मारताना पाहिलं नव्हतं.

"मास्तर," मामा म्हणाले. "तुमी बोला आता."

त्यानं फक्त "नाही" म्हणायचं होतं. सगळे त्याच्या बाजूचे होते, तिचा बापसुद्धा. एक शब्द, आणि संध्याकाळी ती शिरूरला असती. तिच्या चपला दारात असत्या. नागसेनला ते फार हवं होतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर जे बसलं होतं ते त्याला आता दिसत होतं. त्याची तेजू, जी लाल ट्रेमध्ये टाकायचा पार्ट कधी डोळेझाक करून पुढं सोडत नव्हती, ती सगळ्यांसमोर खोटं बोलली होती. इथून सुटायला तिला एक भाजक हवा होता, आणि खरा कुठला नव्हता.

"मारलं न्हाई मी," नागसेन म्हणाला. "कधीच न्हाई."

"झालं तर मग," मामांनी हात झटकले.

"झालं न्हाई, मामा. ती खोटं का बोलली ते इचारा की." त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "खरं ती पहिल्या दिवसापासून सांगतीय. ऱ्हायचं न्हाई म्हणतीय. ते मला चाललं न्हाई, तुमाला चालंना. आपल्याला कारण पायजे. मग तिनं कुठून आणायचं? तुमच्या बोटावरचं एक उचललं."

"आवो पर दोष न्हाई तर..."

"तुमच्या सगळ्या प्रश्नांत मी पास झालो. त्यानं एवढंच कळलं, की दारूनं तुटलं न्हाई, मारानं तुटलं न्हाई, पैशानं तुटलं न्हाई. तुटलंच न्हाई, असं त्यातनं निघत न्हाई. मी पोरांना जन्मभर हेच शिकवतोय, आन् घरी मला कळलं न्हाई."

"मग कशानं तुटलं म्हनायचं?" बापूसाहेबांनी विचारलं. त्यांचा राग ओसरला होता, आणि ते एकदम म्हातारे दिसायला लागले होते.

"मला माहीत न्हाई, बापूसाहेब. तिलाबी माहीत न्हाई. कदाचित कुणालाच कधी कळायचं न्हाई." नागसेननं तेजश्रीकडे पाहिलं. "पन तुटलंय. सोडा तिला. कोर्टात म्हणाल तिथं सही करतो मी."

मामांनी आपल्या उघड्या पंजाकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत असा नवरा त्यांच्यापुढं आला नव्हता. "तुमी शिकल्याली माणसं," ते म्हणाले, "तुमचं डोस्कं आमाला चालत न्हाई." भागुबाई रडत होत्या. रंभाबाई लेकाकडे अशा बघत होत्या, की जणू त्यानं घर विकून टाकलं.

विहाराबाहेर चपला घालताना तेजश्री त्याच्या मागोमाग आली.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "तुमचं नाव घिऊन. मला माफ करा."

"असू दे."

"तुमी काय केलंत आज..." तिनं त्याचा हात धरला, दोन्ही हातांनी धरला, सगळ्यांदेखत. "माजं इतकं आजवर कुणी ऐकलं न्हाई. माज्या बापानं बी न्हाई."

तिचे हात ऊबदार होते. ती त्याच्याकडे ज्या नजरेनं बघत होती, तशी ती लग्नानंतरच्या त्या पहिल्या आठवड्यात बघायची. आणि माणूस किती वेडा असतो पाहा. एवढं सगळं स्वतःच्या तोंडानं बोलून आलेला नागसेन म्हणाला, "मग चल की घरी."

तेजश्रीनं डोळे मिटले. ती प्रयत्न करत होती, हे त्याला दिसत होतं. खरंच प्रयत्न करत होती, आत कुठंतरी हो सापडतंय का ते शोधत होती. मग तिनं मान हलवली, आणि रडत रडत त्याचा हात सोडला.

"जा," नागसेन म्हणाला. "जपून जा."

दौंडच्या स्टँडवर शिरूरची गाडी लागली होती. गर्दी होती, बाजाराच्या पिशव्या, कॉलेजची पोरं, रेल्वेतून उतरलेली परराज्यातली कामगार मंडळी पत्र्याच्या पेट्या घेऊन. नागसेननं आईला चढवलं. तिघांच्या बाकावर रंभाबाई बसल्या, तो कडेला बसला, आणि का कोण जाणे दोघंही खिडकीकडे सरकले नाहीत.

गाडी गावाबाहेर पडली तेव्हा रंभाबाईंनी तोंड उघडलं.

"मला तरी सांग," त्या म्हणाल्या. "मी आय हाय तुजी. माजं काय चुकलं असंल तरी सांग. मी तिच्या पाया पडीन."

"तुझं काही न्हाई गं आई."

"मग कशापायी गेली रं माजी पोर?"

कंडक्टर मशीन घेऊन त्यांच्यापाशी आला. बाईमाणसाला हल्ली एस्टीत अर्धं तिकीट, त्यामुळं आधी सांगावं लागतं.

"कुठं?"

"शिरूर," नागसेन म्हणाला. "एक फुल, दोन हाफ."

कंडक्टरनं बाकाकडे पाहिलं. "दुसऱ्या ताई कुठं हायेत? मागं बसल्यात का?"

नागसेननं वळून मागं पाहिलं. खरोखरच पाहिलं, दोन-तीन बाकांवरून नजर फिरवून, आकाशी रंग दिसतो का ते बघत.

"एकच हाफ द्या, दादा," रंभाबाई म्हणाल्या.

कंडक्टरनं दोन तिकिटं फाडून हातात दिली आणि तो पुढं गेला. नागसेननं ती मुठीत धरली, आणि भरल्या गाडीत, आपण मास्तर आहोत, ओळखीची पोरं बसलीत, कशाचंही भान न राहता तो ढसाढसा रडला.